मधली चीर

१

कोर्टाच्या टेबलावर पुरावा म्हणून पाव ठेवलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. चांगला हातभर लांब, वर तीन तिरप्या चिरा दिलेला, स्वच्छ रुमालात बांधून आणलेला. वास असा सुटला होता की न्यायमूर्तींचा शिपाईसुद्धा काही काम नसताना पुढे सरकला.

मी त्या दिवशी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो. माझी वकिली म्हणजे पुढची तारीख मागणं आणि ती मिळाली की आभार मानणं. पण पावाचा वास आला आणि मी बसून राहिलो.

अर्ज एका कैद्यासाठी होता आणि तो आणला होता त्याच्या मुलीने. अशा अर्जात मागणं एकच असतं: आमचा माणूस तुम्ही कोंडून ठेवलाय, त्याला कोर्टासमोर उभा करा आणि कोणत्या कायद्याने कोंडलात ते सांगा. बापाची शिक्षा संपली होती. सुटकेच्या दिवशी ही मुलगी त्याचे जुने बूट पॉलिश करून, ते हातात घेऊन, तुरुंगाच्या मोठ्या दरवाजासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी होती. बाप बाहेर आला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

सरकारी वकील उठले. "साहेब, त्याला त्याच दिवशी सोडलं. त्याचे कपडे दिले, अंगठा घेतला. तो आमच्या तुरुंगात नाही. जो आमच्याकडे नाहीच, तो हजर कुठून करणार?"

"ते आतच आहेत," मुलगी म्हणाली.

"कशावरून?" न्यायमूर्तींनी विचारलं.

तिने पावाकडे बोट दाखवलं. "तुरुंगाच्या बेकरीचा पाव आहे. रस्त्याकडच्या खिडकीतून कुणालाही विकत मिळतो. हा आज सकाळचा आहे, आणि हा माझ्या बाबांनी भाजलाय."

तेव्हा सगळे हसले. ती हसली नाही आणि न्यायमूर्तीही हसले नाहीत. त्यांनी पाव जवळ घेतला, बराच वेळ पाहिला आणि चौकशीसाठी एका निवृत्त न्यायाधीश बाईंची नेमणूक केली. कोर्टात कुणालाच कळलं नाही की मी एकदम ताठ का बसलो. त्या बाई माझ्या सख्ख्या आत्या होत्या आणि त्यांची पिशवी कोण उचलणार हे मला माहीत होतं.

२

आत्याला एका कानाने कमी ऐकू येतं. तो कान कोणता, हे ती समोरचा माणूस पाहून ठरवते. मुलीचं मात्र तिने दोन्ही कानांनी ऐकलं.

मुलगी शहरातली बस चालवायची. हात दणकट, बोलणं मोजकं. आई लहानपणीच गेलेली, बापाने वाढवलेली. बाप पाववाला. एका भांडणात त्याने एकाला एकच धक्का दिला, तो माणूस पायरीवर आपटला आणि उठलाच नाही. बापाने कोर्टात वकिलालाही नीट लढू दिलं नाही. म्हणाला, धक्का माझाच होता.

"आता मला या पावाचं सांग," आत्या म्हणाली.

"बाबा डावखुरे. त्यांची चीर उलट्या बाजूला झुकते. आणि मधली चीर कायम लांब. लहानपणी मी शेजारी उभी असायचे तेव्हा म्हणायचे, मधली तुझी, म्हणून मोठी."

"हे शिकवलं तर दुसराही करेल. आत ते बेकरीवरच होते ना, एखादा चेला तयार केला असेल त्यांनी."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण हे बघा." तिने पाव वळवला. प्रत्येक चीर जिथे सुरू होत होती तिथे एक बारीक खळगा होता, अंगठा टेकवल्यासारखा. "हे पूर्वी नसायचं. अलीकडे असतं."

"म्हणजे चेलाच," मी म्हणालो. "नवशिका माणूस अंगठ्याने जागा धरतो."

"नवशिक्याची चीर इतकी सरळ येते का रे?" आत्याने विचारलं. चाळिशी उलटली तरी आत्यासमोर माझं वय वाढत नाही.

"शेवटी भेटलात तेव्हा कसे होते?"

मुलीने मान खाली घातली. "माझ्याकडे बघायचेच नाहीत. जाळीच्या पलीकडे बसून नजर भलतीकडेच. मी विचारायचे, रागावलात का? तर म्हणायचे, वेडी आहेस. आणि एकच पालुपद: लांबच्या गाडीवर जा. मला दुसऱ्या शहरात लांब पल्ल्याची बस मिळत होती. मी म्हटलं, आधी तुम्ही सुटा, मग बघू. ते ऐकलं की त्यांचा चेहरा पडायचा."

"मग गेली नाहीस?"

"कशी जाणार? मी मुद्दाम हाच मार्ग मागून घेतलाय. शेवटचा स्टॉप तुरुंगाचा. तिथे सगळे उतरतात, मी खिडकीतून पाव घेते आणि रिकामी गाडी डेपोत लावते." ती आत्याकडे वळली. "मॅडम, ते नको म्हणत असतील तर तसं त्यांनी तोंडाने सांगावं. मी जाईन. पण ते नाहीतच, असं मला कुणी सांगू नये."

आत्याने तिच्या हातावर हात ठेवला. माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांना शिक्षा सुनावल्या आहेत, पण तिचे डोळे असे भरलेले मी फारसे पाहिले नाहीत.

दारापर्यंत गेलेली मुलगी परत वळली. "एक राहिलं. काका शपथेवर सांगतात की सुटल्या दिवशी बाबा त्यांच्या घरी गेले होते."

३

काका म्हणजे कैद्याचा धाकटा भाऊ. घड्याळ दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या. आम्हाला पाहताच त्याने चहा मागवला आणि आम्ही बसायच्या आत बोलायला सुरुवात केली.

"आला होता दादा. दुपारी. जेवला, गप्पा मारल्या. म्हणाला, मला इथे राहायचं नाही, लांब कुठेतरी जातो. पोरीला सांग, वाट बघू नकोस."

"कसा दिसत होता?" आत्याने विचारलं.

"छान. ठणठणीत. इथेच खिडकीशी बसला होता. पेपर वाचत होता. बारीक अक्षरातल्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत."

"आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत?"

काकाच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तो टेबलाखाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला. "दादाचं मन मोडता येत नाही हो," तो तिथूनच म्हणाला. आवाज जड झाला होता.

बाहेर पडल्यावर मी आत्याला माझा निष्कर्ष सांगितला. काकाने भावाचा काटा काढला. कारण सापडेलच. चेहऱ्यावर अपराध लिहिलेला होता.

"अपराध होता," आत्या म्हणाली, "पण रडू पण होतं. मारणारा माणूस भावाला जेवू घातल्याचं सांगताना रडत नाही. तो खोटं बोलतोय एवढं नक्की. कुणीतरी त्याला ते खोटं बोलायला सांगितलंय आणि त्याला ते जड जातंय."

"कुणी सांगितलं?"

"ज्याचं मन मोडता येत नाही त्याने." ती चालायला लागली. "चल, तुरुंगात जाऊ. पण आधी एक सांग. तू पावावर चीर देताना जागा अंगठ्याने कधी शोधशील?"

मी रस्ताभर हवेतच अंगठा टेकवून बघत राहिलो.

४

तुरुंगाला दरवाजे दोन. आधी रस्त्यावरचा मोठा दरवाजा, मग थोडी मोकळी जागा, मग आतला गजांचा दरवाजा. नियम असा की दोन्ही एका वेळी कधीच उघडायचे नाहीत. आम्ही आत शिरलो, मागचा दरवाजा बंद झाला, कुलूप लागलं, आणि मगच पुढचा उघडला. हे सगळं करणारा म्हातारा हवालदार होता. कमरेला किल्ल्यांचा घोस, तो चालताना इतका वाजवायचा की कैदी त्याला किल्लीमामा म्हणत.

अधीक्षक साहेब नवे होते, नुकतेच बदलून आलेले. सज्जन माणूस, पण कपाळावर घाम. "मॅडम, अख्खा तुरुंग बघा. एक माणूस जास्त निघाला तर मी नोकरी सोडतो."

आम्ही अख्खा तुरुंग पाहिला. बराकी, दवाखाना, विणकामाचे माग. आत्याने मोजणी स्वतः केली. एकही माणूस जास्त नव्हता, एकही कमी नव्हता. कैद्यांना विचारलं तर सगळे मूग गिळून बसले. एकजण मात्र मला हळूच म्हणाला, "साहेब, शोधू नका. चांगलं चाललंय त्याचं." पुढे काही विचारायच्या आत किल्ल्या वाजल्या आणि तो गप्प झाला.

"बेकरी कुठे आहे?" आत्याने विचारलं.

"ती आत नाही. परत मागे यावं लागेल," किल्लीमामा म्हणाला आणि उगाच खोकला.

बेकरी त्या दोन दरवाजांच्या मधल्या जागेत, डाव्या हाताला होती. सकाळी काही कैदी आतून कामाला यायचे, रस्त्याकडे जेमतेम हात जाईल एवढी विक्रीची खिडकी, तिच्याशेजारी गाडीत पाव चढवायचं लहान दार. आम्ही गेलो तेव्हा भट्टी तापलेली होती, पण माणूस कुणी नव्हता.

"उस्ताद कुठे गेले?" अधीक्षकांनी विचारलं. मग आम्हाला म्हणाले, "पाव शिकवायला बाहेरून ठेवलेत. मामांनीच आणलेत. फार गोड माणूस. सकाळी नमस्कार केल्याशिवाय मी आत जात नाही."

"जरा पडलेत मागच्या खोलीत," मामा घाईने म्हणाला. "बरं नाही."

आत्याने मागच्या खोलीकडे पाहिलंही नाही. ती डबे बघत होती. मिठाच्या डब्याला सुतळीची एक गाठ बांधली होती, साखरेच्या डब्याला दोन. भट्टीपासून टेबलापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर दोरी ताणलेली होती. माझ्या पायात एक केरसुणी आली. मी ती ढकलणार, एवढ्यात मामाने झडप घालून ती उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. "वाटेत काही राहू द्यायचं नाही इथे," तो पुटपुटला.

"तुम्ही किल्ल्या फार वाजवता, मामा," आत्या म्हणाली.

"सवय आहे, बाई."

"चांगली सवय आहे. लांबून कळतं, तुम्ही आलात म्हणून."

मामाचा चेहरा पांढरा पडला. आत्या बाहेर आली, दोन बंद दरवाजांच्या मध्ये उभी राहिली, एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"अधीक्षक साहेब," तिने विचारलं, "तुमचा तुरुंग कुठून सुरू होतो?"

"या आतल्या दरवाजापासून, मॅडम."

"आणि रस्ता?"

"त्या बाहेरच्या दरवाजापासून."

"छान," आत्या म्हणाली. "उद्या परत येते. एकटी नाही येणार." आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

५

दुसऱ्या दिवशी मुलीची शेवटची फेरी संपेपर्यंत आम्ही थांबलो. बस आमच्यासमोरच येऊन उभी राहिली, ब्रेक लांब सुरात कुरकुरला, लोक उतरले. मुलगी खाली आली तेव्हा आत्याने तिला फक्त एवढंच विचारलं, "ते बूट कुठे आहेत?"

"गाडीतच असतात. ड्रायव्हरच्या सीटखाली."

"घे बरोबर."

मोठा दरवाजा आमच्यामागे बंद झाला. आतला उघडला नाही, कारण आत्याने तो उघडायला सांगितलाच नाही. अधीक्षक गजांच्या पलीकडे उभे होते. मामा हातात किल्ल्या घट्ट धरून उभा होता, एकही वाजू न देता.

"पोरी," आत्या म्हणाली, "तू म्हणालीस बाबा बाहेर आले नाहीत. खरं आहे. तू त्या दरवाजावर नजर ठेवून होतीस, त्यातून ते गेले नाहीत. साहेब म्हणाले, ते तुरुंगात नाहीत. तेही खरं, या दरवाजाच्या आत ते नाहीत. दोघंही खरं बोलत असतील तर माणूस एकाच ठिकाणी असू शकतो."

मुलीने आजूबाजूला पाहिलं. डावीकडे बेकरी होती.

"पण साहेब रोज नमस्कार करतात त्यांना!" मी म्हणालो.

अधीक्षकांनी गज धरले. "फाइलमधल्या फोटोत काळे केस आहेत, मिशी आहे. हे तर..."

"आता पांढरे झाले असतील आणि वर पीठ," आत्या म्हणाली. "आता ते असे लपून का राहिले, ते सांगते. मिठाच्या डब्याला गाठ कोण बांधतो? वाटेतली केरसुणी कुणासाठी उचलायची? आपण येतोय हे किल्ल्या वाजवून कुणाला कळवायचं? आणि इतकी वर्षं एका झटक्यात चीर देणारा उस्ताद आधी अंगठ्याने जागा का शोधतो? काकाने पेपरचं सांगितलं तेव्हाच मला कळलं की तो खोटं बोलतोय. भाऊ सुटून त्याच्याकडे गेलाच नव्हता. आणि त्याने सांगावं ते नेमकं तेच, जे भावाला कधीच जमणार नव्हतं. मनातली भीतीच तोंडातून उलटी बाहेर पडली बिचाऱ्याच्या."

मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते माझ्याकडे बघत नव्हते..."

"बघत होते, बाळ. दिसत नव्हतं."

मामाला आता राहवेना. "बाई, काय शिक्षा असेल ती मला द्या. सुटायच्या दिवशी याच जागेत उभा राहिला आणि म्हणाला, मामा, बाहेर पोर उभी आहे. बाहेर पडलो तर ती जन्मभर माझी काठी होऊन बसेल. तिला लांब जायचंय. मी त्याला मागच्या खोलीत बसवलं, म्हटलं संध्याकाळपर्यंत विचार कर. त्याचा विचार संपेना. नवे साहेब आले, त्यांना मी उस्ताद म्हणून सांगितलं. भावाला निरोपही मीच नेला. पण बाई, त्याला कुलूप कधी लावलं नाही. पाव चढवायच्या दाराची कडी आतून आहे. मी सगळी नोकरी माणसं कोंडण्यात घालवली. याला फक्त ठेवून घेतला."

बेकरीच्या दारात तो उभा होता. डोक्यावर टोपी, हात पिठाने भरलेले, मान किंचित कललेली.

"आज पाव घ्यायला खिडकीवर आली नाहीस," तो म्हणाला. "ब्रेक तर कधीचा वाजला."

मुलीने तोंडावर हात धरला. "तुम्हाला माझा ब्रेक ओळखू येतो?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर भावाकडे गेलो नाही. रोज म्हणायचो, उद्या हा ब्रेक वाजू नये, पोर लांबच्या गाडीवर गेलेली असावी. आणि रोज वाजला की बरं वाटायचं. असा लबाड बाप आहे तुझा."

ती खाली बसली आणि त्याच्या पायातल्या फाटक्या चपला काढून एकेक बूट चढवू लागली. तो चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तर तिच्या केसांना पीठ लागलं.

"मी तुझ्या गळ्यात पडणार नाही," तो म्हणाला. "तू तुझ्या वाटेने जा."

"बाबा, मी बस चालवते," ती नाडी बांधत म्हणाली. "रोज ढीगभर अनोळखी माणसांना घरी पोचवते. त्यांच्यातलं एकही मला कधी जड झालेलं नाही. तुम्ही तेवढे जड होणार?"

त्याने दुसरा पाय पुढे केला. मला नीट दिसत नव्हतं. भट्टीचा धूर असावा.

किल्लीमामाने मोठा दरवाजा उघडला. इतके दिवस त्याला जमलं नव्हतं ते, म्हणजे त्या माणसाला निरोप देणं, त्या दिवशी करावं लागलं. त्याने किल्ल्यांचा घोस उंच धरला आणि दरवाजा ओलांडून दोघं बसपर्यंत पोचेपर्यंत वाजवत राहिला.

६

कोर्टात माणूस हजर झाला. न्यायमूर्तींनी विचारलं, "तुम्हाला कुणी कोंडून ठेवलं होतं?"

"कुणी नाही, साहेब. माझा मीच."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "मग मोठी पंचाईत आहे. कुणी दुसऱ्याने डांबलं असेल तर हे कोर्ट सोडवू शकतं. माणसाने स्वतःला डांबलं तर आमच्याकडे त्याला हुकूम नाही."

"ते मी बघते, साहेब," मुलगी म्हणाली.

यावेळी सगळ्यांबरोबर तीही हसली. अर्ज निकाली निघाला. काका मागच्या बाकावर बसून नाक पुसत होता. मामाला एक कडक समज देण्यात आली, ती त्याने सलाम ठोकून घेतली. पुढची तारीख मागायची सवय असल्याने मला थोडं चुकल्यासारखं वाटलं.

काही दिवसांनी आत्याने मला जबरदस्तीने बसमध्ये बसवलं. मुलीचा त्या मार्गावरचा तो शेवटचा आठवडा होता. लांबची गाडी तिने घेतली होती, आणि तिकडे खोलीही पाहून ठेवली होती, लहानशी भट्टी मावेल अशी. बाप ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला होता, पॉलिश केलेले बूट जवळ ओढून, मांडीवर रुमालात बांधलेला पाव. वळण यायच्या आधीच तो त्या बाजूला झुकायचा.

तुरुंगाचा स्टॉप आला. ब्रेक कुरकुरला. सगळे उतरले, आम्हीही उठलो. कंडक्टर नवा होता. त्याने बापाच्या खांद्याला हात लावला.

"आजोबा, उतरा. शेवटचा स्टॉप आहे."

मुलीने आरशातून मागे पाहिलं.

"राहू दे त्यांना," ती म्हणाली. "ते माझ्याबरोबर घरी येतात."